राजाच्या घरी

अडकित्ता सापडला तो देवघराखालच्या कप्प्यात, कापराच्या डबीमागं. सासूबाईंचा. पितळी, वितीएवढा, दोन्ही दांड्यांच्या टोकांना मोर. एका मोराचा तुरा अजून शाबूत आहे. दुसऱ्याचा झिजून गुळगुळीत झालाय, कारण सासूबाईंचा अंगठा रोज दुपारी जेवणानंतर तिथं टेकायचा. नातीनं तो बाहेर ओढला, उघडला, मिटला आणि मगरीच्या जबड्यासारखा माझ्या पदरावर चालवत आणला.

"आज्जी, हे काय आहे?"

"अडकित्ता."

"याचं काय करतात?"

"सुपारी कातरतात."

"कातरतात म्हणजे?"

"कापतात," असं मी म्हणून गेले आणि लगेच मनाला लागलं. 32 वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. कापणं वेगळं, कातरणं वेगळं. कातरायला दोन पाती लागतात, वस्तू त्यांच्यामध्ये धरावी लागते आणि दाब दोन्हीकडून यावा लागतो. भाजी चिरायची, कापड बेतायचं, नारळ खवायचा, शेंगा सोलायच्या, ऊस तोडायचा, सुपारी कातरायची. आमच्या चिऊला हे सगळं मिळून एकच क्रियापद ठाऊक आहे. भाजी कट करायची, केस कट करायचे, कागद कट करायचा आणि फोनही कट करायचा. यात तिचा दोष काडीचा नाही. तिनं यातलं काही होताना पाहिलेलंच नाही, तर शब्द कुठून येणार?

शुक्रवारी रात्री लेक तिला आमच्याकडे सोडून जाते आणि रविवारी संध्याकाळी न्यायला येते. मधल्या दोन दिवसांत तिला कुठंतरी न्यायचं असतं. कर्वे रस्त्यावरचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय झालं होतं, ते तिला इतकं आवडलं की दोनदा झालं. आगाखान पॅलेस तर आम्हाला जवळचाच. तिथली हिरवळ तिला आवडली आणि कस्तुरबांच्या समाधीपाशी ती आपणहून गप्प झाली, याचं मला आजही नवल वाटतं. त्या शनिवारी काही ठरलं नव्हतं. आमच्या ह्यांनी तिच्या हातातला अडकित्ता पाहिला, वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, "चल, तुला अशा अडकित्त्यांचं अख्खं घर दाखवतो."

बाहेर पावसाची भुरभुर होती. विश्रांतवाडीच्या चौकातून आम्ही मनपाची बस धरली. लोहगावाहून उडालेलं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं तशी चिऊनं मान वर न करताच "सुखोई" म्हणून सांगितलं. इथल्या मुलांना पक्ष्यांच्या आधी विमानांचे आवाज कळतात. बस बीआरटीच्या मार्गिकेतून फुलेनगर, संगमवाडी करत निघाली. हा आळंदीचा रस्ता. दोन आठवड्यांपूर्वीच माउलींची पालखी इथून पुढं गेली होती आणि चिऊनं ती ह्यांच्या, म्हणजे तिच्या आबांच्या, खांद्यावर बसून पाहिली होती. बसमध्ये तिनं खिडकीच्या काचेवर बोट टेकवून जागा ओळखली, "इथं मला त्या आजोबांनी बुक्का लावला." तेवढ्यावरून मला तिचा स्वभाव कळतो. तिला गर्दी लक्षात राहत नाही, हात लक्षात राहतो.

मनपापासून रिक्षा केली. बाजीराव रस्त्याच्या आतल्या बाजूला, शुक्रवार पेठेत, नातूबागेजवळ ते संग्रहालय आहे. पुण्यात त्याला सगळे 'केळकर म्युझियम' म्हणतात. मीही जन्मभर तसंच म्हणत आले. दरवाज्यावरची पाटी चिऊनं मोठ्यानं वाचली. मराठी वाचताना ती अक्षर अक्षर सुटं करते आणि मग एकदम जोडते. "रा-जा. दि-न-क-र. के-ळ-क-र. आज्जी, केळकर नावाचा राजा होता?"

"राजा म्हणजे सिंहासनावरचा राजा नव्हे गं. मुलाचं नाव होतं राजा."

ती पाटीकडे पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखं. आधी माझं नाव, मग बाबांचं, मग आडनाव."

इतकी वर्षं ही पाटी मी पाहत आले, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. राजा दिनकर केळकर. हे संस्थेचं नाव नाहीच. हे हजेरीपटावरचं नाव आहे. जून महिन्यात नवा हजेरीपट उघडून मी अशी किती नावं माझ्या हातानं लिहिली असतील. मुलाचं, वडिलांचं, आडनाव. दिनकर गंगाधर केळकरांचा हा मुलगा सातव्या वर्षी गेला. म्हणजे हे नाव कोणाच्या वर्गात लिहिलं गेलं असेलच, तर पहिलीच्या नाहीतर दुसरीच्या पटावर. पटावरून ते पुसलं गेलं, तेव्हा वडिलांनी ते दारावर लिहिलं. आणि आम्ही पुणेकरांनी बोलताना नेमका त्यातला पहिला शब्द गाळून टाकला.

चिऊला नुकतंच सातवं लागलंय. मी काही बोलले नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटं काढायला पुढं गेले.

दिनकर केळकर 1896 साली जन्मले आणि 1990 मध्ये गेले. चष्म्यांचा व्यवसाय होता. कविता लिहायचे त्या 'अज्ञातवासी' या नावानं. स्वतःचं नाव झाकणारा हा माणूस. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं ते त्या जमवतच राहिले. गावोगाव हिंडायचं, जुन्या वाड्यांचे दरवाजे ठोठावायचे आणि मोडीत निघालेलं, अडगळीत पडलेलं घरी आणायचं. पत्नी कमलाबाईंची या सगळ्यात साथ होती. माझ्या मनाला भिडतं ते हे, की त्यांनी काय आणलं. तलवारी, चिलखतं आहेतच, पण या घराचा जीव आहे तो दिव्यांत, दौतींत, कुलपांत, फण्यांत, पानदानांत, सोऱ्यांत आणि अडकित्त्यांत. ज्या वस्तू बाई रोज हातात धरते आणि जुन्या झाल्या की भांडीवालीला देऊन टाकते, त्या या माणसानं दिव्याखाली धरून पाहिल्या. 1975 साली हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 1980 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढं त्यांच्या मुलीच्या मुलानं, म्हणजे नातवानं, या घराची धुरा वाहिली. वस्तू 20,000 च्या वर आहेत आणि मांडलेल्या 2,500 च्या आसपास. म्हणजे आम्ही तासन्‌तास फिरलो ते या घराच्या ओसरीवरच म्हणायचं.

आत पाऊल टाकल्याबरोबर चिऊचा हात पुढं गेला आणि काचेवर आपटला.

लहान मुलांची म्हणून जी संग्रहालयं जगात असतात, तिथं हात लावायला मुभा असते. अमेरिकेत ब्रुकलिनला 1899 साली अशा संग्रहालयाची सुरुवात झाली, ती मुलांनी वस्तू हाताळून शिकावं म्हणूनच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात 2019 पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. आपल्याकडे गणेशखिंडीला आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबा, रिकाम्या रिफिलींतून खेळणी करून मुलांच्या हातात दिली. हात लावू दिला की मूल शिकतं, हे मला मान्य आहे. वर्गात मीही मणी, चिंचोके, पेंढा आणून ठेवत असे. पण केळकरांच्या घरात काच आहे आणि ती हवीच. पितळेला, लाकडाला, दोनशे वर्षांच्या कापडाला रोज हजार हात सोसवणार नाहीत. मग या काचेच्या पलीकडची वस्तू मुलाच्या हाती कशी यायची?

अडकित्त्यांपाशी आम्ही आलो तेव्हा त्याचं उत्तर माझं मलाच मिळालं. कपाटात अडकित्ते मांडलेले होते. नक्षीचे, बाईच्या आकृतीचे, पक्ष्यांचे. चिऊनं घरच्या अडकित्त्याची आठवण काढून मोर शोधला. मग म्हणाली, "आता दाखव, कातरतात म्हणजे काय."

मी पर्स ह्यांच्याकडे दिली. डाव्या हाताच्या चिमटीत नसलेली सुपारी धरली. उजव्या तळव्यात नसलेला अडकित्ता घेतला, खालची दांडी बोटांच्या पेरांवर, वरची अंगठ्याच्या गादीखाली. सासूबाई सुपारीला आधी थोडी फिरवत, शीर कुठं आहे ती बघत, मग पात्याखाली घेत. तो हात माझ्या हातात आपोआप आला. एकदा आवळ, एकदा सोड. सुपारी जरा सरकव. पुन्हा आवळ. किती वर्षांत मी सुपारी कातरली नव्हती, पण बोटं विसरली नव्हती. चिऊनं काचेकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, पुन्हा काचेकडे पाहिलं. मग तिनं आपल्या दोन्ही हातांनी तसंच करून बघितलं, आणि तोंडानं "कट्ट" असा आवाज काढला.

वस्तू केळकरांनी जमवल्या. क्रियापदं मात्र काचेच्या कपाटात ठेवता येत नाहीत. ती ज्याच्या हातात उरलीत, त्यानंच घेऊन यायची असतात. हे माझ्या मनात आलं आणि मग पुढच्या सगळ्या दालनांतून मी एका वेगळ्याच नजरेनं चालू लागले. खालच्या चिठ्ठीवर नाव असतं, प्रदेश असतो, शतक असतं. त्या वस्तूचं काय करायचे, हे मात्र माझ्या मनगटाला ठाऊक होतं.

वज्री पाहून तिनं "खेळणं" म्हटलं, आणि तसं वाटावं अशीच ती आहे. वर पितळी पक्षी, घोडेस्वार, खाली खरखरीत तळ. काहींच्या पोटात खडे असतात, घासलं की खुळखुळतात. मी एका पायावर उभी राहिले, ह्यांच्या खांद्याला धरलं आणि टाच घासून दाखवली. शेतातून आलेल्या पायांना पडलेल्या भेगा तिला सांगितल्या. सोऱ्यापाशी शेव पाडून दाखवली, कढईवर हात गोल फिरवत. मी हे करत होते तेव्हा दोन कॉलेजच्या मुली शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, पुन्हा एकदा दाखवा ना." मी त्यांनाही दाखवलं.

मस्तानी महाल आम्ही लवकर उरकला. कोथरूडच्या मूळ वाड्यातून आणून इथं पुन्हा जुळवलेला तो महाल देखणा आहे आणि लोक त्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात. पण तिथं माझ्या हाताला काही काम नव्हतं आणि चिऊला भूक लागायला लागली होती.

कुलपांपाशी मात्र आमचे हे अडून बसले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टूलरूममध्ये ह्यांची सगळी नोकरी झाली. घरात बोलायला कमी, पण लोखंडाचा तुकडा हातात आला की वाणीला धार येते. चिऊनं विचारलं, "आबा, याला किल्ली कुठून घालायची?" आणि तिथून पुढं दहा मिनिटं मला त्या दोघांच्यात जागा नव्हती. जुन्या लांबट कुलपात आतल्या दांड्याला पोलादाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. दांडा आत लोटला की त्या पट्ट्या पहिल्यांदा दबतात आणि आत गेल्यावर फाकतात. फाकल्या की दांडा बाहेर येऊ शकत नाही. किल्ली फिरवायची नसतेच. ती पट्ट्यांवरून सरळ आत सारायची, म्हणजे पट्ट्या पुन्हा दांड्याला चिकटतात आणि कुलूप निघतं.

"म्हणजे कसं?" चिऊला कळलं नव्हतं.

ह्यांनी ओली छत्री उघडली. पहारेकरी बघायला लागले, तेव्हा हे नम्रपणे त्यांना "एक मिनिट, पोरीला दाखवतो" म्हणाले. छत्रीच्या दांड्यातून बाहेर आलेली ती छोटी पट्टी आपण रोज अंगठ्यानं दाबतो. छत्री उघडली की पट्टी बाहेर उडी मारते आणि कड्याला अडवून धरते. मिटायची तर पट्टी दाबायची, कडं वरून सरकून जातं. "हेच कुलूप," हे म्हणाले. चिऊनं पट्टी दाबली, सोडली, दाबली, सोडली. मग तिनं काचेतल्या कुलपाकडे पाहिलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत ते कुलूप उघडलेलं मला दिसलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी लोहारानं केलेली युक्ती तिच्या हातातल्या साध्या छत्रीत निघाली. तीन पिढ्यांत सगळं बदललं म्हणून आपण हळहळतो. ह्यांना तसं कधी वाटत नाही. ह्यांचं म्हणणं, युक्ती मरत नाही, फक्त घर बदलते. मला ते पटतं, पण सगळ्या बाबतीत नाही.

कारण पुढच्या दालनात दिवे होते. केळकरांना दिव्यांचं मोठं वेड. समया, लामणदिवे, हत्तीवरचे, मोराचे, दीपलक्ष्मी. चिऊला त्यांच्या आकारांनी भूल घातली. तिनं विचारलं, "यांची वायर कुठंय?" आणि मी हसले नाही, कारण प्रश्न अगदी योग्य होता. दिवा पेटतो तर त्याला काहीतरी कुठून तरी यायला हवं.

बाहेर पायरीवर बसून आम्ही डबा खाल्ला. गूळ-तूप-पोळीचे लाडू होते. मग मी ह्यांच्या औषधाच्या पिशवीतून कापूस काढला. रोज साखर तपासतात, त्यासाठी कापूस बरोबर असतोच. चिमूटभर घेऊन बोटांनी विंचरला. पिंजला, असं खरं म्हणायचं. कापूस नुसता ओढायचा नाही, त्यातल्या गाठी सोडवत तो पसरायचा, म्हणजे तंतू एका दिशेला येतात. मग मधे चिमटीत धरून वरचं टोक पिळायचं, खालचा भाग फुलासारखा मोकळा ठेवायचा. ही फुलवात. दुसरा तुकडा लांब ओढला आणि दोन तळव्यांमध्ये वळला. ही लांबवात, समईची. वळताना वरचा तळवा पुढं जातो आणि खालचा जागेवर राहतो. दोन्ही हलवले तर वात सुटते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईच्या शेजारी बसून दिवाळीच्या आधी शेकड्यांनी वाती वळल्या, तेव्हा हातानं हाताकडून उचललं.

चिऊची पहिली वात मधेच तुटली. दुसरी अळीसारखी जाड झाली. तिसऱ्यांदा मी तिचे तळवे माझ्या तळव्यांत धरले आणि चार हातांनी मिळून वात वळली. तिचे तळवे गरम आणि किंचित तुपकट होते. तुपानं वात चांगली जुळून आली. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं बारीक, पण वात. ती तिनं आपल्या छोट्या पाकिटात चिल्लरीशेजारी ठेवली.

"दिवा पेटतो तेव्हा ही जळते?"

"तेल जळतं. वात तेल वर आणते."

"कशी?"

मी तिच्या रुमालाचं टोक पाण्याच्या बाटलीच्या टोपणात बुडवलं. पाणी रुमालावर हळूहळू चढत गेलं. आम्ही तिघं ते बघत बसलो.

पुन्हा आत गेल्यावर वनितांच्या वस्तूंपाशी, फण्या, आरसे, कुंकवाचे करंडे यांच्यापाशी, माझा पाय जड झाला. करंड्यात दोन कप्पे असतात, एकात मेण आणि एकात कुंकू. आई आधी मेणाचा टिपका लावी, मग अनामिकेनं त्यावर कुंकू कोरी, आरशात न बघता. कोरणं हे क्रियापद तिचं होतं. वडील गेले त्या दिवशी तो करंडा कुणीतरी उचलून माळ्यावर टाकला. आई त्यावर एक शब्द बोलली नाही. पुढं माझ्या लग्नात मी तो काढून मागितला तेव्हा तिनं तो पदरानं पुसून मला दिला आणि स्वतः मागं सरून उभी राहिली. चिऊला मी कुंकू कसं कोरतात ते दाखवलं. उरलेलं अजून सांगितलं नाही. तिला सांगायचं आहे, पुढच्या एखाद्या वर्षी. ज्या हातांनी ही क्रियापदं आपल्यापर्यंत आणली, त्यांच्यावर काय काय लादलं गेलं तेही तिला कळलं पाहिजे. नाहीतर जुन्या वस्तू नुसत्या गोड दिसायला लागतात.

जातं दाखवलं तेव्हा तिला वाटलं, किती मज्जा. तिला मी खाली बसवलं, खुंटा धरायला लावला, नसलेला. एका हातानं ओढायचं, दुसऱ्या हातानं ज्वारीची मूठ वैरायची. वैरायची हा शब्द मी तिला दोनदा म्हणायला लावला. पन्नास फेऱ्या कर म्हटलं. अठरा-वीस फेऱ्यांवर तिनं हात सोडला. "हात दुखला." माझी आई पहाटे चारला उठून अख्ख्या घराचं दळण दळायची आणि तिच्या तळहाताला घट्टे पडलेले होते, हे मी तिला सांगितलं. कोरेगावच्या आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आईनं गिरणीच्या दाराला हळदकुंकू लावलं होतं. दळणं गेलं याचं मला यत्किंचितही दुःख नाही. वात वळणं गेलं याचं आहे. या दोन गोष्टी एका पारड्यात मला घालता येत नाहीत आणि तशा घालाव्यात असंही वाटत नाही. पण तो शब्द राहावा, वैरणे, म्हणजे ते घट्टे कुणाच्या तरी लक्षात राहतील.

बाहुल्यांपाशी, कळसूत्री बाहुल्या टांगलेल्या होत्या तिथं, चिऊ एकदम थांबली.

"आज्जी, राजाची खेळणी कुठंयत?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. सकाळी दारात जे मी तिला अर्धवट सांगितलं होतं, ते तिच्या मनात सगळा वेळ फिरत होतं तर. राजाला काय झालं, हे तिनं विचारलं नाही. मुलं आधी तेच विचारतात असं मला वाटायचं. तिला त्याची खेळणी हवी होती. ह्यांनी गुडघ्यावर हात ठेवून तिच्या उंचीला येत म्हटलं, "आपण शोधू या."

मग आम्ही उलटे फिरलो. जी दालनं झाली होती ती पुन्हा पाहिली, या वेळी तिच्यामागून. ती प्रत्येक काचेसमोर थांबे आणि मान हलवी. दौत नको, ती सांडते. वीणा मोठी आहे. वज्री पाहून ती थोडी अडखळली, मग म्हणाली, "ही अंघोळीत चालेल त्याला." शेवटी परत बाहुल्यांपाशी येऊन तिनं एका बाहुलीवर बोट ठेवलं, अर्थात काचेवर. "ही. हिला दोऱ्या आहेत. त्याला कंटाळा आला असता तर त्याच्या बाबांनी नाचवली असती."

मी भिंतीकडे वळून चष्मा पुसला. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. बाहेर पडताना चिऊनं दरवाज्यातून वळून पाटीकडे हात हलवला, शाळेतून निघताना मैत्रिणीला हलवते तसा.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. संगमवाडीच्या पुलावर पाऊस वाढला. ह्यांच्या हातात छत्री होती आणि अंगठ्यानं ती पट्टी दाबत, सोडत ते बसले होते. मी ह्यांना म्हटलं, "केळकर म्युझियम म्हणू नये आता आपण." "मग काय म्हणायचं?" "राजा केळकर तरी म्हणावं." ह्यांनी मान डोलावली.

चौकात उतरल्यावर वाण्याकडून मी पाव किलो सुपारी घेतली. आमच्या घरात आता कुणी पान खात नाही, पूजेला लागेल म्हटलं. घरी येऊन जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, सासूबाईंचा अडकित्ता राखेनं घासला, पात्याला तेलाचं बोट लावलं आणि चिऊच्या हातात दिला. सुपारी मी धरली, माझी बोटं पात्यापासून लांब ठेवून. तिचा अंगठा त्या झिजलेल्या मोराच्या तुऱ्यापर्यंत पोचत नव्हता. तिनं दोन्ही हातांनी दांड्या धरल्या आणि सगळं अंग टाकून आवळलं. काही झालं नाही. सुपारी फिरवली, शीर शोधली, पुन्हा आवळलं. कट्ट. अर्धी वर्तमानपत्रावर पडली, अर्धी टुणकन उडून सोफ्याखाली गेली. तिनं ती रांगत जाऊन आणली, आतली पांढरी-तपकिरी नक्षी बघितली आणि दुसरी सुपारी मागितली.

संध्याकाळी तिची वात देवापुढं लावली. जाड बाजूला थोडी काजळी धरली, बारीक बाजू नीट जळली. तेवढ्यात लेकीचा फोन आला, व्हिडिओचा.

"आई, मी आज सुपारी कातरली!"

"काय केलंस?" टीव्हीचा आवाज होता तिकडे, तिला नीट ऐकू आलं नसावं.

"कातरली."

"काय?"

चिऊनं फोन तेलाच्या बाटलीला टेकवून उभा केला, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात मोकळे केले.

"थांब, दाखवते."